आस्वाद आणि ऋण

मांस खावे की खाऊ नये, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे स्मृतिकारांपासून कीर्तनकारांपर्यंत इतक्या विस्ताराने झालेली आहे की, तिच्यात भर घालू पाहणाऱ्याजवळ काही सबळ कारण असावे लागते. परंतु त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याच्याकडे त्या मानाने फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे. जे खायचे ते आवडीने, रस घेऊन, जिभेवर घोळवून खाणे हे निव्वळ भूक भागवण्याहून अधिक दोषास्पद आहे काय? पोटासाठी मारणे क्षम्य आणि जिभेसाठी मारणे अक्षम्य, अशी एक समजूत आपल्या मनात खोल रुजलेली आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात प्राण कंठाशी आले असता विश्वामित्राने चांडाळाच्या घरच्या श्वानमांसाला हात घातला, तेव्हा महाभारतकारांनी त्याची बाजू घेतली. पण तेच मांस त्याने पोट भरलेले असताना केवळ चवीसाठी खाल्ले असते, तर त्याची बाजू घ्यायला कोणी पुढे आले असते, असे वाटत नाही. सुख हे पापाला जोडलेले व्याज आहे, असा काहीसा हिशेब या समजुतीमागे असतो. तो हिशेब बरोबर आहे की काय, याचा विचार मला पुष्कळ दिवस छळत आला आहे. आणि त्या विचाराला तोंड फुटले ते ‘याकितोरी’ या जपानी खाद्यामुळे, कारण केवळ आस्वादासाठीच निर्माण झालेले याहून अधिक स्पष्ट असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

कोंबडीच्या मांसाचे लहान लहान तुकडे बांबूच्या काडीत ओवून लाकडी कोळशाच्या निखाऱ्यावर भाजणे, एवढेच याकितोरीचे वर्णन. आणि तरीही एवढीशी कृती हातात बसावी म्हणून जपानी कारागीर वर्षानुवर्षे शेगडीपुढे उभे राहतात. आपल्या अर्थाने मसाला तिच्यात जवळजवळ नाहीच. एक तर नुसते मीठ, नाही तर सोया सॉस, साके, मिरिन नावाचे गोड पाकमद्य आणि साखर यांचे आटवलेले मिश्रण, ज्याला ते ‘तारे’ म्हणतात आणि ज्याच्या भांड्यात जुने संपण्यापूर्वीच नवे ओतत राहण्याची रीत असल्यामुळे काही दुकानांतून ते अनेक वर्षे अखंड चालत आलेले असते. उत्तम दुकानांतला कोळसा ‘की’ नावाच्या जुन्या प्रांतातला, म्हणजे आजच्या वाकायामातला. तिथल्या एका जातीच्या ओकच्या लाकडापासून केलेला हा ‘बिंचोतान’ इतका कठीण असतो की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा नाद निघतो, आणि पेटल्यावर तो ज्वाला व धूर जवळजवळ न दाखवता प्रखर उष्णता देत राहतो. मांडीचे मांस पातीच्या जाड कांद्याबरोबर एकाआड एक ओवलेले, कातडी घड्या घालून कुरकुरीत होईपर्यंत भाजलेली, काळीज आतून किंचित ओलसर राखलेले, त्याशिवाय हृदय, पोटा, गुडघ्याची कूर्चा, शेपटाकडचा चरबीचा टोकाचा तुकडा, खिम्याचे गोळे: प्रत्येकाची काडी वेगळी, प्रत्येकाला लागणारा अग्नी वेगळा. टोकियोच्या युराकुचो स्थानकाजवळ आगगाडीच्या रुळांखालच्या विटांच्या कमानींतून अशी दुकाने ओळीने थाटलेली आहेत. वरून गाड्या धडधडत जात असता खाली गुडघ्याला गुडघा लावून बसलेली कचेऱ्यांतली माणसे एकेक काडी मागवून सावकाश खात असतात. तिथे बसून खाताना मला प्रथमच असे जाणवले की मी ‘चिकन’ नावाची एक वस्तू खात नसून एक पक्षी खात आहे, ज्याला हृदय होते, गुडघे होते आणि पिसांखाली कातडी होती. सुख कमी झाले नाही. ते वाढले, आणि त्याच्याबरोबर एक अस्वस्थताही वाढली.

हा रस आपल्या जिभेला परका आहे असे समजण्याचे कारण नाही. शुळावर भाजलेल्या मांसासाठी पाणिनीने ‘शूल्य’ हा शब्द सूत्राने सिद्ध करून ठेवला आहे. दुष्यंताच्या मृगयेला कंटाळलेला कालिदासाचा विदूषक अवेळी खाव्या लागणाऱ्या याच पदार्थाविषयी तक्रार करतो. आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त निखाऱ्यावर भाजलेल्या मांसखंडांचे, ‘भडित्रका’चे, पाककृतीसह वर्णन आले आहे; राज्यकर्त्याने आपल्या ग्रंथात करवसुली आणि गजपरीक्षा यांच्या बरोबरीने जिभेच्या सुखाला स्थान द्यावे, यात त्या काळाला काही विपरीत वाटले नाही. पुढे आपण या सुखाविषयी बोलणे सोडले. खाणे सोडले नाही.

मी राहतो ते कोपरी ठाणे स्थानकाच्या पूर्वेला, लोहमार्ग आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले आहे. मूळचे आगरी-कोळी, फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित, आणि मागाहून चाळींतून व इमारतींतून येऊन स्थायिक झालेले कोकण-देशावरचे लोक, अशी इथली वस्ती. आषाढ उतरणीला लागला की या वस्तीत या प्रश्नाची सारी अंगे एकाच वेळी दिसू लागतात. दिव्यांची अमावस्या ही दिवे उजळून पूजण्याची तिथी, पण श्रावणात मांस वर्ज्य म्हणून तिच्या आधीच्या दिवसांत ‘गटारी’च्या नावाने कोंबडीच्या दुकानांपुढे रांगा लागतात, त्याच सुमारास सिंधी घरांतून झुलेलालाच्या चाळीस दिवसांच्या ‘चालिहो’ व्रताला प्रारंभ होऊन मांस बंद होते, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेला आगरी समाजातला वृद्ध वारकरी, ज्याच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी मासळीवाचून जेवण होत नसे, तो या दोन्हींपासून अलिप्त असतो, कारण त्याचे वर्ज्य बारमाही आहे. ठाणे जिल्ह्यातल्या आगरी गावांतून वारकरी पंथाचा जो प्रसार सावळाराम महाराज म्हात्रे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी केला, त्याने कित्येक घरांची चूल पालटली, आणि तेही कोणत्याही हुकमाविना. माझा आदर या माळकऱ्याविषयी फार मोठा आहे. त्याने प्रश्न टाळला नाही. त्याने त्याचे उत्तर स्वतःच्या ताटात दिले. माझी अडचण आहे ती आपल्यासारख्या उरलेल्या सर्वांची, जे तिथीवारी पाहून सोडतात आणि तिथीवारी पाहून धरतात. मंगळवारी जे पाप होते ते बुधवारी कसे नाहीसे होते, हे पंचांगाला विचारून कळण्यासारखे नाही.

मनाईने हा प्रश्न सुटेल असे राज्यकर्त्यांना वेळोवेळी वाटत आले आहे. २०२५ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने १९८८ च्या एका ठरावाचा हवाला देऊन १५ ऑगस्ट रोजी कत्तलखाने व मांसविक्रीची दुकाने चोवीस तास बंद ठेवण्याचे फर्मान काढले, तेव्हा जी चर्चा उसळली ती जवळजवळ सगळी अधिकाराविषयी होती: काय खावे हे ठरवण्याचा हक्क कोणाचा? हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर खाणाऱ्याच्याच बाजूने दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्या वादात कोंबडीविषयी कोणी बोलले नाही. ती दोन्ही पक्षांच्या दृष्टीने वादाचे निमित्त होती. जपानच्या इतिहासात हे अधिक ठळक दिसते. सम्राट तेम्मू याने ६७५ साली बौद्ध मताच्या प्रभावाने चौथ्या महिन्यापासून नवव्यापर्यंत गाय, घोडा, कुत्रा, वानर आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई केली; आणि सुमारे बाराशे वर्षांनी, १८७२ साली, सम्राट मेइजी याने स्वतः गोमांस खाऊन ते जाहीर करविले, आणि त्याच वर्षी सरकारी हुकमाने बौद्ध भिक्षूंनाही मांसाहाराची व विवाहाची मुभा देण्यात आली. एका फर्मानाने निषिद्ध, दुसऱ्या फर्मानाने विहित. याकितोरीच्या गाड्या रस्त्यांवर फिरू लागल्या त्या या दुसऱ्या फर्मानानंतरच्या काळात. उंची उपाहारगृहांतून कोंबडीचे मांस शिजे आणि तिथे टाकाऊ ठरलेली आतडी, काळीज व कूर्चा घेऊन गरीब फेरीवाले ती काड्यांवर भाजून विकत. ज्या पदार्थात आज पक्ष्याचा एकही अंश वाया न घालवण्याचे व्रत दिसते, त्याच्या मुळाशी दारिद्र्य आहे, हे विसरता कामा नये.

खुद्द बुद्धाने मात्र मनाई केली नव्हती. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही आणि तसा संशयही नाही, असे भिक्षेत पडलेले मांस भिक्षूने घ्यावे, असा विनयातला नियम आहे. सर्व भिक्षूंना मांस वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणी त्याने मानली नाही. भिक्षेकऱ्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच होता, कारण जो दाराशी उभा राहतो त्याने दात्याच्या घरात काय शिजले याची झडती घेऊ नये. परंतु विकत घेणाऱ्याच्या हाती हाच नियम गेला की त्याचा अर्थ उलटतो. न पाहणे, न ऐकणे आणि संशय न येऊ देणे, हीच तर आजच्या बाजाराची सारी व्यवस्था आहे. पातळ वेष्टनात गुंडाळलेल्या, कातडी सोललेल्या, हाडापासून वेगळ्या केलेल्या मांसाकडे पाहून ते कोणाचे होते हे लहान मुलाला सांगता येत नाही. भिक्षूची जी निरागसता होती ती ग्राहकाच्या ठिकाणी विस्मृती होते, आणि माझ्या मते दोषाची खरी जागा तीच आहे.

या संदर्भात वनपर्वातले मार्कंडेयाने युधिष्ठिराला सांगितलेले धर्मव्याधाचे आख्यान मला पुनःपुन्हा आठवते. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण वृक्षाखाली वेदपठण करीत असता वर बसलेल्या बगळीची विष्ठा त्याच्या अंगावर पडली. त्याने क्रोधाने वर पाहिले, आणि त्या दृष्टीनेच बगळी मरून खाली पडली. पुढे भिक्षेच्या निमित्ताने भेटलेल्या एका गृहिणीने त्याला मिथिलेस पाठवले, आणि धर्म शिकण्यासाठी त्याला उभे राहावे लागले ते एका खाटकाच्या दुकानापुढे. या कथेत मांस न खाणाऱ्या तपस्व्याच्या हातून पक्षी मेला आहे, आणि मांस विकणारा व्याध स्वतः मारीत नाही व खातही नाही. व्याध आपल्या व्यवसायाला सौम्य म्हणत नाही. तो घोर आहे असेच म्हणतो. पण नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात, चालताना पायाखाली किती येतात, धान्याच्या दाण्यातही जीवच आहे, हे तो ब्राह्मणाला एकेक करून दाखवतो, आणि अहिंसक असा कोणीच नाही, यत्नाने ती हिंसा थोडी कमी करता येते इतकेच, या निष्कर्षावर येतो. कौशिकाच्या हिंसेत आणि व्याधाच्या व्यवसायात मला जो भेद दिसतो तो मारण्याचा नाही. बगळी पडली तेव्हा तपस्व्याला तिच्याशी काही कर्तव्य नव्हते. ती त्याच्या रोषाच्या वाटेत आली होती. व्याधाला आपल्या दुकानात काय टांगलेले आहे याचा एक क्षणही विसर पडलेला नाही.

आणि हाच विचार धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरात आणून ठेवला आहे, तोही शाकाहारी गृहस्थाच्या. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर ही प्रत्येक घरातली पाच वधस्थाने होत, असे मनूने सांगितले; ज्याच्या घरी मांस कधी शिजले नाही त्याच्याही घरात रोज पाच ठिकाणी जीव मरतात. त्याच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ, आणि त्यांत प्राणिमात्रांसाठी ठेवलेला भूतयज्ञाचा बली. जेवायला बसण्यापूर्वी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणारे आजोबा, गाईचा घास आणि कावळ्याचा घास आधी काढून ठेवणारी आजी, कोकणात शेताच्या बांधावर वर्षातून एकदा कोंबड्याची राखण देणारा कुणबी, कार्ल्याच्या एकवीरेला मान देऊन मग जेवणारे कोळी कुटुंब: यांच्या आचारांत कितीही भेद असला, तरी घेण्यापूर्वी देणे लागतो याची कबुली सर्वांत समान आहे. सुशिक्षितांनी यांपैकी निम्मे आचार अंधश्रद्धा म्हणून सोडले आणि निम्मे वेळ नाही म्हणून. पशुबळीची प्रथा मागे पडली याचे मला दुःख नाही. पण तिच्याबरोबर ती कबुलीही गेली, आणि तिच्या जागी काहीच आले नाही.

टोकियोच्या उएनो भागात शिनोबाझु नावाचे कमळांनी भरलेले तळे आहे. त्याच्या मधोमध बेटावर बेन्झाइतेन देवीचे देऊळ आहे, आणि बेन्झाइतेन म्हणजे चीनमार्गे जपानात पोचलेली आपली सरस्वती. या देवळाच्या आवारात स्मारकशिलांची एक दाटी आहे, आणि तिच्यात पक्ष्यांसाठी उभारलेली एक शिला आहे. माणसाच्या ताटात गेलेल्या पक्ष्यांचे ऋण मानण्यासाठी, ज्यांची उपजीविका त्या पक्ष्यांवर चालते त्यांनीच तिथे ती उभी केली. शेजारी मासळीसाठी शिला आहे, विषारी फुगू माशासाठी आहे, कासवासाठी आहे, इतकेच काय, झिजलेल्या स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठीही आहे. मृतांच्या शांतीसाठी करावयाच्या ज्या विधीला तिकडे ‘कुयो’ म्हणतात, तो माणसांपुरता न ठेवता जपान्यांनी मोडलेल्या सुयांपर्यंत नेला आहे. विद्येच्या देवीच्या अंगणात खाल्लेल्या पक्ष्यांची नोंद असावी, ही गोष्ट मला विलक्षण उचित वाटते. स्मरण हेच तर विद्येचे पहिले कार्य आहे.

यावर जो आक्षेप येईल तो मी जाणून आहे, आणि तो हलका नाही. शिलेपुढे हात जोडून कोंबडीला काय मिळाले? वर्षभर मारायचे आणि एक दिवस धूप जाळायचा, ही स्वस्तातली सुटका नव्हे काय? ज्याला असे वाटते की विधी केल्याने ऋण फिटले, त्याच्या बाबतीत हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे, आणि आपल्याकडच्या प्रायश्चित्तांच्या बाबतीतही तो तितकाच खरा होता. परंतु जुन्या दप्तरांतून दोन प्रकारचे कागद आढळतात. फारखती लिहून मिळाली की कुळाचा संबंध संपतो. कबुलायत लिहून दिली की तो सुरू होतो. पक्ष्यांच्या शिलेला फारखती समजणारा माणूस स्वतःला फसवतो. ती कबुलायत आहे, आणि तिच्यात लिहिलेली रक्कम फेडता येण्यासारखी नाही हे लिहून देणाऱ्याला ठाऊक आहे. न फिटणारे ऋणही मानावे लागते. आई-बापांच्या बाबतीत आपण हे निमूटपणे स्वीकारतो, मग पक्ष्याच्या बाबतीत ते हास्यास्पद का ठरावे?

आता आस्वादाच्या मूळ प्रश्नाकडे वळता येईल. सुखाने पाप वाढते या समजुतीत, मला वाटते, सुखाची जात ओळखण्यात चूक होते. खाण्याचे एक सुख असे असते की ज्यात पदार्थ नाहीसा होतो: गप्पांच्या ओघात, पडद्याकडे पाहता पाहता, पैजेने किंवा ‘उद्यापासून श्रावण’ म्हणून जे पोटात जाते त्याची चव कोणालाच आठवत नाही, आणि ज्याची चव आठवत नाही त्याचा जीव काय आठवणार? दुसरे सुख लक्षाचे आहे. काळीज किती भाजले, कातडीतली चरबी कधी सुटली, मिठाने काय झाकले आणि काय उघडे केले, हे ज्याला कळते त्याचे मन त्या क्षणी त्या पक्ष्यावर पूर्णपणे ठेवलेले असते, आणि तेवढे लक्ष त्या पक्ष्याच्या जिवंतपणी कदाचित कोणीच दिलेले नसते. आपल्या रसमीमांसकांनी करुणरसाचाही आस्वाद घेता येतो असे सांगितले तेव्हा दुःख आणि आस्वाद यांचे वैर त्यांनी कायमचे मिटवले होते. म्हणून लक्षपूर्वक आस्वाद घेणे हा दोष वाढवणारा भाग नसून, जो खाणारच आहे त्याला उपलब्ध असलेला स्मरणाचा पहिला मार्ग आहे, असे मी म्हणतो. तो पुरेसा मार्ग आहे असे मात्र म्हणत नाही.

पुरेसा नाही, याचे कारण आजची कोंबडी आहे. इसेच्या मंदिराच्या आवारात आजही कोंबडे मोकळे फिरतात, कारण गुहेत दडलेल्या सूर्यदेवतेला बाहेर आणताना त्यांना आरवायला लावले होते अशी तिकडची श्रद्धा आहे. आपल्याकडे कार्तिकेयाच्या ध्वजावर कुक्कुट आहे. पहाट सांगणारा हा पक्षी. ज्याच्या मांसाने दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात याकितोरी सर्वांच्या आवाक्यात आली आणि आपल्याकडे गेल्या पन्नासेक वर्षांत कोंबडी रोजच्या जेवणातली झाली, तो ब्रॉयलर नावाचा पक्षी मात्र सहा आठवड्यांच्या आसपास दोन किलोंचा होतो आणि कापला जातो. त्याच्यातला नर आरवण्याच्या वयाला पोचत नाही. पुष्कळदा त्याच्या पायांना स्वतःच्या वजनाचा भार पेलवत नाही, आणि त्याने छपराबाहेरचा प्रकाश पाहिलेला नसतो. धर्मव्याधाने ‘यत्नाने हिंसा कमी करता येते’ असे म्हटले तेव्हा त्याच्यापुढे रानातले हरीण आणि रानडुक्कर होते, ज्यांचे मरण माणसाच्या हातचे असले तरी जगणे त्यांचे स्वतःचे होते. आपण जगणेही घेतले आहे. मरणाचे स्मरण कितीही प्रामाणिकपणे केले, तरी हिरावून घेतलेल्या जगण्याची भरपाई त्याने होत नाही, आणि कातडीची काडी कितीही निगुतीने भाजली तरी हा मुद्दा तिच्याखाली दडत नाही.

तेव्हा यत्न करायचा तो खरेदीच्या जागी. कोपरीच्या बाजारात अजूनही गावठी कोंबडी मिळते. ती महाग पडते, चिवट असते, शिजायला वेळ घेते, आणि चारदा ब्रॉयलर घेणाऱ्याला तेवढ्या पैशांत ती एखाद्या वेळीच घेता येईल. तसे व्हावे. महिन्यातून एकदा, अंगणात फिरलेली कोंबडी, तिचे काळीज, पोटा आणि कातडी टाकून न देता घरी आणलेली, शेगडीवर माणसांसमक्ष भाजलेली आणि पहिला तुकडा कोणाच्या नावाने बाजूला काढायचा हे मुलांना सांगून मग वाढलेली. मुलांनी विचारावे की ही कोंबडी कुठे होती, आणि घरातल्या मोठ्यांना ते सांगता यावे. माळकरी शेजाऱ्याने हे मान्य करावे अशी माझी अपेक्षा नाही. तो म्हणेल की एवढे सगळे कळल्यावर सोडूनच का देत नाही. त्याच्या या प्रश्नाला माझ्यापाशी आज उत्तर नाही, आणि तो प्रश्न त्याने मला विचारीत राहावे असे मला मनापासून वाटते.